लोकलच्या दारातला प्रसंग आणि अंगात राहिलेली भीती

आपल्या प्रश्नाचा गाभा प्रथम थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. अडीच वर्षांपूर्वी सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून दादरला येताना लोकलच्या दारात मागून रेटा आला, आपले पाय सुटले आणि काही क्षण आपण डाव्या हाताने मधला दांडा धरून गाडीबाहेर लोंबकळत होतात. डब्यातल्या बायकांनी आपल्याला आत ओढले. खांद्याची दुखापत पुढे बरी झाली, आठ महिने समुपदेशनही झाले, आणि आता त्या घटनेबद्दल आपण न रडता बोलू शकता. तरीही स्टेशनच्या जिन्यावर पाऊल ठेवताच छाती आवळते, डावी मूठ आपोआप वळते आणि पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग येते. शरीरावर काम करणारा मानसोपचार खरोखर उपयोगी आहे का, त्यात अंगाला हात लावतात का आणि मुंबईत तो कोणाकडे घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मी २२ वर्षे या शहरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे मानसिक आघातातून (ट्रॉमातून) गेलेल्या माणसांसोबत गेली आहेत. प्रत्यक्ष भेटल्याशिवाय मी आपले निदान करणार नाही. परंतु आपण वर्णन केलेले चित्र माझ्या चांगल्या परिचयाचे आहे आणि त्यावर बोलता येण्यासारखे पुष्कळ आहे.

आठ महिन्यांचे समुपदेशन वाया गेले, असे कृपया समजू नका. ‘मी दारात उभी राहिले हीच माझी चूक’ या अपराधी भावनेतून आपण बाहेर आलात, घरच्यांना घटना सांगू शकलात आणि कामावर परत गेलात, हे बोलण्यामुळेच घडले. अडचण अशी आहे की धोका ओळखणारे मेंदूतले भाग, त्यांत अमिग्डला हा बदामाएवढा भाग महत्त्वाचा, विचार करणाऱ्या भागांची परवानगी घेऊन काम करत नाहीत. ब्रेकचा आवाज, लोखंडाचा वास किंवा पाठीवर आलेला एखादा धक्का एवढे त्यांना पुरते. लगेच अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी यंत्रणा, चेतवली जाते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये ‘लढा किंवा पळा’ म्हणून वर्णन केलेली ही प्रतिक्रिया. ‘आज रविवार आहे, गाडी रिकामी आहे’ असे आपण स्वतःला समजावेपर्यंत तळहातांना घाम फुटलेला असतो. घटना संपली, हे आपल्याला कळले आहे. आपल्या शरीराला ते अजून अनुभवायला मिळालेले नाही, आणि शरीराधारित उपचाराचा सगळा खटाटोप तो अनुभव मिळवून देण्यासाठी असतो.

आपण ओझरते लिहिलेल्या एका वाक्याकडे मला परत यावेसे वाटते: ‘मला ओरडताही आले नाही.’ लढणे आणि पळणे हे दोन्ही मार्ग बंद असतात तेव्हा शरीर तिसरा मार्ग घेते. ते थिजते, आवाज फुटत नाही, वेळ लांबल्यासारखा वाटतो आणि कधी आपण स्वतःकडे बाहेरून पाहत आहोत असा भास होतो. ही प्रतिक्रिया इच्छेने निवडलेली नसते आणि तिच्यात भित्रेपणाचा लवलेशही नसतो. अत्याचार सोसलेल्या कित्येक स्त्रिया ‘मी प्रतिकार का केला नाही’ या प्रश्नाने वर्षानुवर्षे स्वतःला जाळत असतात, आणि त्यांना ही एक शारीरिक वस्तुस्थिती सांगितल्यावर खोलीतली हवा बदललेली मी पाहिली आहे. आपल्या बाबतीत तर एक अवयव थिजूनही आपले काम चोख करत होता. त्या डाव्या हाताने आपल्याला वाचवले. तो अजून वळतो याचा आपल्याला राग येतो, असे आपल्या मजकुरावरून जाणवते. उपचारात त्याच्याशी वैर धरून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगते. पहिल्या तीन-चार भेटींत मी घटनेविषयी जवळजवळ काहीच विचारत नाही. त्याऐवजी, अंगात आत्ता काय जाणवते हे विचारते. बहुतेकांचे पहिले उत्तर ‘टेन्शन येतं’ असे असते आणि त्या शब्दाआड सगळे काही झाकले जाते. थोडे थांबून पुन्हा विचारले की माणसे आजीकडून ऐकलेल्या मराठीवर येतात: पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, दातखिळी बसते. हे वाक्प्रचार मला कोणत्याही प्रश्नावलीइतकेच मोलाचे वाटतात, कारण त्यांत जागाही असते आणि क्रियाही. मग पुढचे प्रश्न सुचतात: गोळा नेमका कुठे आहे, बेंबीच्या वर की खाली, केवढा आहे, स्थिर आहे की सरकतो, आणि आपण त्याच्याकडे लक्ष देताच तो वाढतो की थोडा ढिला होतो. शरीराच्या आतल्या खुणा टिपण्याचे काम मेंदूतला इन्सुला हा भाग करतो. आघातानंतर या खुणा एकतर अंगावर धावून येतात किंवा पूर्णपणे बधिर होतात, म्हणून त्या सोसवतील एवढ्या प्रमाणात पुन्हा ओळखायला शिकणे ही उपचाराची पहिली पायरी असते.

त्याच वेळी आम्ही शरीरातली एक शांत जागाही शोधतो. कोणाला ती तळपायांत सापडते, कोणाला खुर्चीला टेकलेल्या पाठीत, तर एका बाईंना ती कानाच्या पाळीत सापडली होती. छाती आवळू लागली की आधी तिच्याकडे क्षणभर लक्ष द्यायचे, मग तळपायांकडे यायचे, तिथे विसावायचे आणि मग पुन्हा छातीकडे जायचे. झोपाळ्यासारखी ही ये-जा पीटर लेव्हिन यांच्या ‘सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग’ या पद्धतीत मध्यवर्ती मानली जाते. आठवणही अशीच थेंबाथेंबाने घ्यायची असते: लोंबकळण्याचा क्षण आज नको, त्याआधी प्लॅटफॉर्मवर पर्स सावरत उभ्या होतात तो क्षण घेऊ. एका भेटीत तेवढाच, आणि त्या वेळी खांदे कसे होते, श्वास कुठे अडला, एवढेच पाहायचे. दीड महिन्याने आपण दाराशी पोहोचाल आणि मी कदाचित मूठ सोडायला सांगण्याऐवजी आणखी घट्ट आवळायला सांगेन; अगदी सावकाश, तिचे काम तिला पूर्ण करू देत. मग ती उघडायलाही तितकाच वेळ घ्यायचा, एकेक बोट. पॅट ओग्डेन यांच्या ‘सेन्सरीमोटर सायकोथेरपी’त अशा अर्धवट राहिलेल्या हालचालींना विशेष महत्त्व आहे; त्या वेळी जो हात मागच्या रेट्याला ढकलू शकला नाही तो आता भिंतीला टेकवून ढकलायचा आणि खांद्यापासून टाचेपर्यंत जोर कसा जातो ते अनुभवायचे. वर्णन वाचताना हे क्षुल्लक वाटेल, पण तीस वर्षे शिक्षकी केलेल्या एका गृहस्थांनी भिंत ढकलताना ‘माझ्यात एवढी ताकद होती?’ असे विचारले तेव्हा त्यांचा आवाज आधीच्या सगळ्या भेटींपेक्षा वेगळा होता.

यात कधी कापरे भरते, जांभया येतात, पोटात गुडगुडते, डोळ्यांतून पाणी येते. ते आले तर येऊ द्यावे. मुद्दाम ओढून आणू नये. या मुद्द्यावर माझे मत ठाम आहे, कारण दोन दिवसांच्या निवासी शिबिरात शंभर माणसांना एकत्र किंचाळायला, उशा बडवायला आणि जोरजोरात श्वास घ्यायला लावून ‘ट्रॉमा बाहेर काढून देतो’ असे सांगणारे लोक आपल्या आसपास वाढले आहेत. अशा शिबिरानंतर महिनाभर झोप उडालेली, घर आणि ऑफिस दोन्ही परके वाटू लागलेली माणसे माझ्याकडे आली आहेत. सोसण्याच्या मर्यादेपलीकडे नेलेली मज्जासंस्था मोकळी होत नाही, ती दुसऱ्यांदा तोच अनुभव घेते. डॅनियल सीगल यांनी १९९९ मध्ये या मर्यादेला ‘सहनशीलतेची खिडकी’ असे नाव दिले. चांगला थेरपिस्ट तासभर आपल्याला त्या खिडकीच्या आत ठेवतो. आपण रडलात की नाही यावरून तो सेशनचे यश मोजत नाही.

श्वासाबद्दलही सावधगिरी हवी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण देते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी माझ्याकडे पुढे आलेले एक गृहस्थ छातीभर पाण्यातून काही तास चालत होते. पुढे दरवर्षी जूनची पहिली सर आली की त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या होत आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटे. जो भेटेल तो त्यांना ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणून सांगत होता आणि त्याने त्यांची अवस्था अधिकच बिघडत होती, कारण पाणी तोंडापर्यंत आले तेव्हा श्वास रोखल्यानेच ते वाचले होते. त्यांच्या शरीरासाठी खोल श्वास म्हणजे बुडणे होते. आम्ही श्वासाला महिनोन्महिने हात लावला नाही. पायांच्या बोटांपासून सुरुवात केली, कारण त्या दिवशी पाण्याखालचा रस्ता त्यांनी बोटांनीच चाचपला होता.

योगाबद्दल आपण विचारलेले नाही, परंतु तो विषय येणारच. मुंबईत योग परका नाही. सांताक्रूझची ‘द योगा इन्स्टिट्यूट’ १९१८ पासूनची आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासूनचे. आघातानंतर योगाचा उपयोग होतो, याला काही आधारही आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दीर्घकालीन पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा तणावविकार) असलेल्या ६४ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या विशेष योगवर्गानंतर ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या, तर आरोग्यशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. मात्र हा वर्ग आघाताचे भान ठेवून आखलेला होता: शिक्षक मागून येऊन अंग सरळ करत नाहीत, डोळे मिटण्याची सक्ती नसते आणि प्रत्येक आसन ‘हवे तर करा’ या स्वरात सांगितले जाते. सोसायटीच्या गच्चीवरच्या नेहमीच्या वर्गात शवासनात डोळे मिटून पडल्यावर आपल्याला घाबरल्यासारखे झाले तर उठून बसा, डोळे उघडे ठेवा. त्यात आपले काही चुकत नाही.

शास्त्रीय आधार कितपत आहे, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. आघाताच्या उपचारात शरीराचा विचार नवा नाही. फ्रान्समध्ये पिएर जानेट यांनी १८८९ मध्येच आघाताची आठवण शब्दांऐवजी हालचालींत आणि संवेदनांत कशी उरते हे लिहिले होते, आणि विल्हेल्म राइख यांनी १९३० च्या दशकात स्नायूंच्या चिलखताची कल्पना मांडली, जरी त्यांचे नंतरचे दावे विज्ञानाने नाकारले. आजच्या पुराव्यांकडे पाहिले तर सर्वांत भक्कम आधार आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचाराला (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा उपचार) आणि ईएमडीआर या, डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणाऱ्या पद्धतीला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोन्हींची शिफारस केली. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली इस्रायलमधली चाचणी ६३ जणांवर झाली, १५ साप्ताहिक सेशन्स दिली गेली आणि लक्षणे स्पष्टपणे कमी झाली. पण तुलना उपचारासाठी थांबलेल्या गटाशी होती, दुसऱ्या प्रस्थापित उपचाराशी नव्हती. स्टीफन पोर्जेस यांचा पॉलिव्हेगल सिद्धांत, जो भीती आणि सुरक्षिततेच्या प्रतिक्रिया व्हेगस या मज्जातंतूच्या आधारे समजावतो, या क्षेत्रात फार उद्धृत केला जातो आणि रुग्णाला समजावण्यासाठी तो सोयीचा आहे, तरी त्याच्या शरीरशास्त्रीय पायावर जाणकारांचे गंभीर आक्षेप आहेत. म्हणून जो थेरपिस्ट ‘हे शंभर टक्के सिद्ध झालेले आहे’ म्हणेल त्याच्यापासून दूर राहा. मी स्वतः शरीराधारित काम एकटे क्वचितच वापरते; आपल्यासारख्या प्रसंगात ते टप्प्याटप्प्याने प्रवासाकडे परत नेणाऱ्या वर्तनोपचाराला जोडून वापरते.

आणखी एक धोका आहे. ‘तुमच्या कमरेत बालपणीचा अत्याचार अडकला आहे, तुम्हाला आठवत नाही इतकेच’ असे कोणी सांगितले तर तिथून उठून या. संवेदना ही संवेदना असते. विसरलेल्या घटनेचा पुरावा ती होऊ शकत नाही. माणसाची स्मृती सूचनेने बदलते आणि अशा सूचनांमुळे न घडलेल्या गोष्टी घडल्याचा पक्का विश्वास बसून कुटुंबे मोडली आहेत.

स्पर्शाविषयी आपण संकोचाने विचारलेत. संकोच करण्याचे कारण नव्हते. बहुतांश शरीराधारित काम हात न लावता होते. थेरपिस्ट समोर बसतो, आपण स्वतःचा हात स्वतःच्या छातीवर किंवा दंडावर ठेवता, किंवा मध्ये उशी वापरली जाते. काही पद्धतींत खांदा किंवा पाठ यांना आधार देणारा स्पर्श असतो, पण तो आधी शब्दांत समजावलेला, लेखी संमती घेतलेला आणि आपण ‘नको’ म्हणताक्षणी थांबणारा असला पाहिजे. कपडे काढावे लागत नाहीत. ‘तुम्ही नको म्हणता हाच तुमचा अडथळा आहे’ असे म्हणणारा माणूस उपचार करत नाही. स्त्री थेरपिस्ट हवी असे वाटत असेल तर फोनवरच तसे सांगा.

व्यक्ती निवडताना पद्धतीच्या नावापेक्षा मूळ शिक्षण पाहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असते, तिचा क्रमांक विचारायला लाजू नका. शरीराधारित पद्धतीचे प्रशिक्षण त्यावर घेतलेले असावे. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, त्यामुळे शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र आणि ते प्रशिक्षण एकच मानू नका. खासगी फी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन आणि जे. जे. या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे हीच पद्धत मिळेल असे नाही, पण तपासणी, औषधे आणि योग्य दिशा मिळते. पहाटेची जाग आणि दचकणे कमी करायला औषधांची मदत होऊ शकते आणि औषधे घेत असताना हे काम व्यवस्थित करता येते. आधीपासून गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. छाती आवळण्याच्या तक्रारीसाठी ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्या. प्रत्येक धडधड आघाताची असतेच असे नाही. कधी जगणे नकोसे वाटले तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मुंबईत या उपचारासमोर एक अडचण उभी राहते आणि परदेशी ग्रंथांत तिच्यावर मला काही सापडले नाही. ज्या गोष्टीची भीती आहे तिच्यातूनच उपचाराला यावे लागते. घरी सराव करावा तर दीड खोलीत पाच माणसे, टीव्ही चालू, आणि ‘आई, काय करतेस?’ म्हणून मूल मांडीवर. म्हणून मी सराव छोटे ठेवते: भांडी घासताना दोन्ही तळपायांवरचे वजन जाणवून घ्यायचे, न्हाणीघरात दार लावून एक मिनिट भिंत ढकलायची, बसच्या रांगेत मान हळू वळवून पाच निळ्या वस्तू शोधायच्या. लोकलकडे परत जाण्याचा क्रमही ठरवून घ्यायचा. आधी दुपारी दोनला नुसते प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसायचे, दोन-तीन गाड्या जाऊ द्यायच्या, मूठ वळली तर तिला वळू द्यायचे आणि मग एकेक बोट उघडायचे. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीबरोबर रविवारच्या धीम्या गाडीने दादर ते माटुंगा, एकच स्टेशन, डब्याच्या आत बसून. दारातल्या दांड्याला हात लावणे फार पुढचे. आणि सकाळच्या आठच्या डोंबिवली गाडीत पुन्हा कधीच दारात उभे राहायचे नाही असे आपण ठरवलेत तर त्याला मी आजार म्हणणार नाही. ती आपली साधी सुरक्षा आहे.

पहिल्या भेटीसाठी अकरानंतरची वेळ मागा, म्हणजे गर्दी ओसरलेली असेल, आणि शक्य झाल्यास त्या दिवशी बसने या किंवा कोणाला तरी सोबत आणा. सेशन संपल्यावर लगेच जिना उतरू नका; पंधरा मिनिटे बाहेरच्या खुर्चीवर बसा, पाणी प्या, रस्त्यावरची हालचाल पाहा. तेवढी जागा आणि तेवढा वेळ देण्याची तयारी आहे का, हे भेट ठरवतानाच फोनवर विचारून घ्या.